सात जणींनी मिळून तराणा बसवताना: कोणी, कधी आणि काय सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात जणी, एकाच कथकच्या क्लासमधल्या, सगळ्यांची विशारदची परीक्षा झालेली, शिकवणाऱ्या ताई आता दुसऱ्या गावी राहायला गेल्यात, दोन महिन्यांवर कार्यक्रम आहे आणि तीनतालातला (सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा ताल) तराणा (शब्दांऐवजी नुसत्या बोलांवरची रचना) आपला आपणच बसवायचा ठरवलाय. रिहर्सलचा अर्धा वेळ चर्चेत जातो, जी ती दुसरीला सुधारत बसते, दोघींचं तर बोलणंच बंद झालंय आणि नाच आहे तिथेच आहे. ताईंना कधी बोलवायचं तेही विचारलंय.

पहिलं म्हणजे हे सगळं तुमच्या स्वभावामुळे होतंय असं समजू नका. कथक मुळात एकटीने नाचायचा प्रकार. ठाट, आमद, तोडे, गतनिकास हे कथकातले सगळे प्रकार एकटीने समोर येऊन करायचं, तबलजीशी सवाल-जवाब करायचे, जागेवर सुचलं तर उपज घ्यायची, आणि आपण शिकलोही तसंच, म्हणजे क्लासमध्ये पंधरा जणी असल्या तरी प्रत्येकीची नजर ताईंकडे, शेजारणीचा हात कुठे जातोय ते बघायची गरजच कधी पडली नाही. समूहात कथक करायचं हे त्या मानाने अलीकडचं. मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी १९३० च्या दशकात कथकचा ट्रूप उभा केला, १९३६ ला बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत त्यांनी बक्षिसं मिळवली आणि पुढे आपल्या खंडाळ्यात शाळा काढली. नंतर अहमदाबादला कुमुदिनी लाखियांनी कदंब या आपल्या संस्थेमधून समूहरचनांचं जे काम केलं त्यानंतर ते सगळीकडे पसरलं. पण क्लासमधलं शिक्षण अजूनही बहुतेक ठिकाणी एकटीचंच असतं. त्यामुळे तुम्ही सात जणी म्हणजे सात सोलो डान्सर आहात ज्यांना दुसरीकडे बघायची सवय नाही, आणि बघितलं की लगेच ताईंसारखं सुधारावंसं वाटतं, कारण नाच बघणारं माणूस म्हणून आपण फक्त ताईंनाच बघितलंय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं: बघणारीने काय दिसलं ते सांगायचं, काय कर ते सांगायचं नाही. उपाय जिचं अंग आहे तिने शोधायचा, नाहीतर जिने तो भाग बसवलाय तिने.

ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, पहिले चार दिवस जीभ चावायला लागते. एक उदाहरण देते. एका ग्रुपमध्ये समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांचा उजवा हात डोक्यावर जायचा आणि मागच्या ओळीतल्या एकीचा कायम उशिरा. तिला तीन-चार जणींनी सांगून झालं होतं, तू लयीत नाहीस, जरा फास्ट घे, मोजून कर, घरी लेहऱ्यावर (ताल दाखवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) प्रॅक्टिस कर. ती बिचारी रोज घरी करायची आणि घरी बरोबर यायचं. मग एका दिवशी ठरवलं की कोणी सल्ला द्यायचा नाही, नुसतं दिसलं ते बोलायचं. एकजण म्हणाली, "तिचा हात सगळ्यांबरोबरच निघतो, पण पोचतो उशिरा." दुसरी म्हणाली, "बाकीच्यांचा हात छातीपासून वर जातो, तिचा मांडीपासून." झालं! आधीच्या फॉर्मेशनमध्ये ती एकटी खाली बसून उठायची, त्यामुळे तिच्या हाताला दुप्पट वाट कापायची होती. लय तिची उत्तमच होती. उठताना हात आधीच छातीशी आणून ठेवायचा एवढं तिनेच ठरवलं आणि प्रॉब्लेम संपला. "फास्ट घे" हा सल्ला ती पाळत राहिली असती तर हात झटकल्यासारखा गेला असता आणि मग कोणीतरी म्हणालं असतं की नजाकत नाही.

"तू लयीत नाहीस" हे बघणारीने काढलेलं अनुमान झालं, दिसलं ते असं की "तिसऱ्या थेईला तुझं पाऊल आमच्या नंतर पडलं" (थेई म्हणजे पावलाचा एक बोल). अनुमान काढलं की समोरची स्वतःची बाजू मांडायला लागते. दिसलेलं सांगितलं की तीही बघायला लागते. आणि शक्यतो नाव घेऊन बोलूच नका, जागा सांगा: "मागच्या ओळीत डावीकडून दुसरी." जागांना नंबर देऊन टाका एक ते सात. पाच नंबरला सांगितलेलं कमी टोचतं, आणि उद्या त्या जागेवर दुसरी कोणी आली तरी तेच लागू पडतं.

आता तुमची खरी अडचण, की सातही जणी नाचात आहेत मग बघायचं कोणी. आरशात बघून नाचणं आणि नाचता नाचता दुसरीला बघणं ही दोन्ही बघणी कामाची नाहीत, कारण मान वळली की तुमचंच अंग बिघडतं आणि बघितलेलंही अर्धवट असतं. दर रन-थ्रूला एकीने बाहेर बसायचं, पाळीपाळीने. तिची जागा मोकळी ठेवायची, सरकून भरून काढायची नाही, हे महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच ग्रुपमध्ये एकजण आली नाही की बाकीच्या आपोआप पसरतात आणि मग ती आली की सगळ्यांची धडपड. बाहेर बसलेलीला बघायला एकच गोष्ट द्यायची. आज फक्त पावलं. किंवा फक्त दोन ओळींतलं अंतर. किंवा एंट्री. सगळं बघ म्हटलं की ती आपल्या मैत्रिणीला बघते नाहीतर जिच्याशी पटत नाही तिला बघते, हा मनुष्यस्वभाव आहे. रन संपल्यावर तिने तीन गोष्टी सांगायच्या, तीनच, आणि त्यातली एक लगेच तिथल्या तिथे करून बघायची. दहा सूचना ऐकून मान डोलवून घरी जाण्यापेक्षा एक सूचना दोनदा नाचून बघितलेली बरी. अंगाने केल्याशिवाय सूचना टिकत नाही, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सांगावं लागतं, आणि तेच तेच सांगावं लागलं की आवाज चढतो.

कुठल्या टप्प्याला कशाबद्दल बोलायचं हेही आधीच ठरवून टाका. नाहीतर काय होतं, स्ट्रक्चर अजून बसलेलं नाही आणि चर्चा चालू आहे की बोटं कशी ठेवायची, ओढणी कुठल्या रंगाची. आधी लय आणि हिशोब. मग जागा. मग हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तराण्यात त्याचं फार टेन्शनही घेऊ नका, सातही जणी सारख्याच हसल्या तर टूथपेस्टची जाहिरात वाटते, आपापल्या चेहऱ्याने नाचू द्या.

हिशोबाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण निम्मी भांडणं मला वाटतं इथली असतात. नाच चुकतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात गणितच बसलेलं नसतं. समजा साधी तिहाई घेतलीत, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर यायचं: पाच मात्रांचा पल्ला (तो तुकडा), पाचवीवर थेई, मग एक मात्रा दम, म्हणजे थांबा. समेपासून उचलली की पहिली थेई पाचव्या मात्रेवर, दुसरी अकराव्या आणि तिसरी बरोबर पुढच्या समेवर. तुम्ही सात जणी आहात म्हणून पल्ले वाटून घेतलेत, दोन, दोन आणि तीन, दिसायला छान दिसतं. पण पहिल्या दोघी पाचव्या मात्रेला थांबल्या त्या समेपर्यंत बारा मात्रा उभ्या. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर सहा सेकंद झाले. स्टेजवर सहा सेकंद पुतळा होऊन उभं राहणं हे चक्करांपेक्षा अवघड काम आहे, श्वास वर-खाली होतो, घुंगरू वाजतात, डोळे शेजारी जातात. मग बाहेरून सूचना येते "तुम्ही दोघी ढिल्या पडता." त्या ढिल्या पडत नाहीत हो, त्यांना काही कामच दिलेलं नाही! एकतर त्या सहा सेकंदांत मानेची किंवा नजरेची एक हालचाल द्या, नाहीतर तिघींनी पहिला पल्ला घ्या आणि शेवटचा सातही जणींनी मिळून.

कॅननचंही तसंच. एकीमागून एक चार-चार मात्रांनी उचलायचं असं सगळ्यांना सुचतं, आणि सात जणी असल्या की सातवी उचलते पंचविसाव्या मात्रेला, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाच्या (तालाच्या फेरीच्या) खालीला, नवव्या मात्रेला. सोळा मात्रांचा तुकडा असेल तर ती संपणार तिसऱ्या आवर्तनाच्या खालीला, तोपर्यंत पहिली कधीची घरी जाऊन आली. त्यापेक्षा चार गट करा, दोन-दोन-दोन-एक, एक, पाच, नऊ, तेरा या मात्रांवर उचला. तीन टाळ्या आणि एक खाली, चारही जागा तालातल्याच, त्यामुळे मोजावं लागत नाही, ठेका ऐकू येतो. शेवटची एकटी संपते दुसऱ्या आवर्तनाच्या तेराव्या मात्रेवर, तिथून पुढे चार मात्रा सगळ्यांनी मिळून आणि समेवर एकत्र. आधी संपलेल्या गटांना वाट बघावी लागणार बारा, आठ आणि चार मात्रा. तेवढ्या वेळात काय करायचं हे आधी कागदावर लिहा, जागेवरचे चक्कर, ततकाराची (पायांच्या कामाची) लडी, काहीही, आणि मग उभ्या राहा. कागदावर जे दहा मिनिटांत सुटतं ते हॉलमध्ये दोन तास खातं, शिवाय हॉलचं भाडं.

आणि हे सगळं आधी बसून हाताने टाळी देत पढंत करायचं. सातही जणींनी. जिला तोंडाने म्हणता येत नाही तिला पायाने येत नाही, हे ताईंनी तुम्हाला पन्नास वेळा सांगितलं असेलच. ग्रुपमध्ये त्याचा अजून एक फायदा, मागच्या ओळीतल्यांना आपला आपला हिशोब तोंडपाठ असला की त्या पुढच्यांच्या घुंगरांवर नाचत नाहीत. पुढच्यांचं ऐकून जी नाचते ती नेहमी केसभर मागेच राहणार, तिचा इलाजच नाही.

घुंगरांवरून आठवलं. सात जणींचे घुंगरू म्हणजे हजारभर घुंगरं एकदम वाजणार, त्यात कोण पुढे कोण मागे ते डोळ्यांना कळतच नाही. ततकाराचा भाग साफ करताना मी एक गोष्ट हमखास करते, बाहेर बसणाऱ्या मुलीला पाठ करून बसवते. बघायचंच नाही, ऐकायचं. डोळे उघडे असले की हात सुंदर दिसतात आणि कान गप्प बसतात. पाठ करून बसलं की लगेच कळतं की दुगुनीत (दुप्पट लयीत) स्वच्छ आहे आणि चौगुनीत (चौपट लयीत) गेलं की रव्याचं पोतं फुटल्यासारखा आवाज येतो. मग दोघी-दोघींना करायला लावायचं, कुठली जोडी एक ऐकू येते आणि कुठली दोन. त्यानंतर एकदा घुंगरू उतरवून, नुसत्या तळव्यांचा आवाज. घुंगरू बऱ्याच गोष्टी झाकतात, अर्धवट पडलेलं पाऊलसुद्धा घुंगरात पूर्ण वाटतं. तुमचा हॉल टाइल्सचा असेल तर हे फार वेळ करू नका, पिंढऱ्या आणि नडग्या भरून येतील, खाली कडक सतरंजी तरी टाका.

चक्करांत सगळ्या सारख्या फिरत नाहीत म्हणून चिडचिड होते. सारख्या फिरणारच नाहीत, सात जणींची उंची वेगळी, हातांचा घेर वेगळा. प्रत्येक चक्कराला चेहरा समोर येतो तो क्षण एक करा, मधलं ज्याचं त्याला. प्रेक्षकाला तेवढंच दिसतं. जागा सरकते त्याला जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, आणि बाहेरच्या मुलीने फक्त एवढंच सांगायचं की कोण किती आणि कुठल्या बाजूला सरकली. "तीन नंबर, हातभर पुढे आणि डावीकडे." बहुतेक जणी दर वेळी एकाच दिशेला सरकतात, त्यामुळे आठवड्याभरात ज्याचं त्याला कळतं आणि सुरुवातच अर्धं पाऊल उलट्या बाजूला घेता येते.

हातांच्या उंचीबद्दल पण असंच. "हात खांद्याच्या लेव्हलला" असं म्हटलं की उंच मुलगी आणि बुटकी मुलगी शेजारी असल्या तर हात वर-खाली दिसणार, मग बुटकी बिचारी खांदे उचलून हात वर नेते आणि सगळं अंग बिघडवते. प्रत्येकीने आपापल्या खांद्याला धरूनच करायचं आणि ओळीत उभं करताना उंचीचा उतार असा ठेवायचा की हातांची रेघ तिरकी पण सरळ दिसेल. हे काम बसवणारीचं आहे, नाचणारीला सांगून उपयोग नाही.

व्हिडिओ काढता का? काढत असालच. फोन प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीला, मधोमध, स्टँडवर, पूर्ण ओळ मावेल इतक्या लांब. वाइड लेन्स लावून जवळून काढू नका, कडेच्या दोघी ताणल्यासारख्या दिसतात आणि त्यांना उगीच वाटतं आपण जाड दिसतो, मग दोन दिवस मूड नाही. आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून रात्री अकराला कॉमेंट करायची पद्धत आजपासून बंद करा. हे मी अगदी हात जोडून सांगते. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, "तुझं इथे परत चुकलं" हे हसत म्हटलं तर एक आणि टाइप केलं तर दुसरंच. व्हिडिओ बघून प्रत्येकीने फक्त स्वतःबद्दल लिहायचं, वेळ टाकून: "१:४२ ला मी आधी वळते." दुसरीबद्दल काही असेल तर ते हॉलमध्ये, तोंडावर, आणि ठरलेल्या वेळेत. मजा म्हणजे सत्तर टक्के गोष्टी ज्याच्या त्यालाच दिसलेल्या असतात, दुसऱ्याने सांगायची वेळच येत नाही.

निर्णय कोणी घ्यायचा, हे तुम्ही विचारलं नाहीये पण भांडण त्यावरूनच आहे असा मला संशय आहे. सात जणींनी सगळं मिळून ठरवायचं ही कल्पना गोड आहे, चालत नाही. तराण्याचे भाग पाडा, स्थायी, अंतरा, ततकार, शेवटची तिहाई वगैरे, आणि प्रत्येक भाग एकीच्या किंवा दोघींच्या नावावर करा. त्या भागापुरता तिचा शब्द शेवटचा. तिला नाही पटलं तर नाही. अर्थात सगळे भाग जोडल्यावर एक कोणीतरी लागते जी म्हणेल की ततकार दोन आवर्तनं लांबलाय, काप. ती एक व्यक्ती आत्ताच निवडा, सगळ्यात चांगली नाचणारी नको, जिला बघायला आवडतं ती. ती स्वतः नाचातून थोडी कमी झाली, एखाद्या भागात विंगेत राहिली, तरी चालेल.

आता तुमच्यासारख्या ग्रुपला उपयोगी पडेल अशी एक पद्धत आहे, लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये तयार केलेली, नाटकवालेसुद्धा वापरतात. चार पायऱ्या आहेत. आधी बघणारे सांगतात की त्यांना काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग बसवणारी प्रश्न विचारते, तिला जे विचारायचंय ते. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही, म्हणजे "इतका फास्ट का केलास" असं नाही, "हा भाग किती लयीत असावा असं तुझ्या मनात होतं" असं. आणि शेवटी मत, पण परवानगी मागून: "माझं एंट्रीबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का?" आणि समोरची नको म्हणू शकते. एकजण सूत्रधार म्हणून बसते जी हे सगळं रुळावर ठेवते.

मी हे बऱ्याच वर्षांपासून वापरतेय आणि माझं प्रामाणिक मत म्हणजे रोज वापरायच्या लायकीचं नाही, वेळ फार जातो आणि तीनतालाची तिहाई चुकली तर तिथे कोणाला काय भिडलं हे विचारण्यात अर्थ नाही, चुकली म्हणजे चुकली. पण पूर्ण नाच एकदा उभा राहिला की दोनदा-तीनदा जरूर करा. आपल्याकडे सगळ्यात जड जाते ती शेवटची पायरी. आपल्यात कोणी "सांगू का" विचारत नाही, आणि विचारलंच तर "नको" म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून पहिल्या वेळी मुद्दाम नियम करा की प्रत्येक बसवणारीने निदान एका मताला नको म्हणायचंच. हसाहशी होते, पण त्यानंतर नको हा शब्द ग्रुपमध्ये चालायला लागतो. दुसरी पायरीही भारी आहे. बसवणारीला प्रश्न विचारावा लागतो म्हणजे तिला आधी स्वतःला कळायला लागतं की आपल्याला नक्की कुठे खात्री नाही. "कसं वाटलं?" हा प्रश्न धरायचा नाही. "अंतऱ्यात सगळ्या मागे जातात तेव्हा तुमची नजर कोणाकडे होती?" हा प्रश्न झाला.

नजरेवरून, एखादं नाचातलं काहीही न कळणारं माणूस एकदा आणून बसवा. कोणाची आई, भाऊ, शेजारचे काका. त्यांना हस्तकाबद्दल विचारू नका, फक्त दोन प्रश्न: कुठे कंटाळा आला, आणि कोणाकडे बघत होतात. एका कार्यक्रमाआधी आमच्या हॉलच्या वॉचमन काकांनी सांगितलं होतं की "त्या कोपऱ्यातल्या ताई सारख्या कंबर नीट करत होत्या, मी तेच बघत होतो." सहा जणी जीव तोडून नाचत होत्या आणि प्रेक्षक एका सैल कमरपट्ट्याकडे बघत होता! आमच्यातल्या एकीलाही ते दिसलं नव्हतं कारण आम्ही सम बघत होतो.

ज्या दोघी बोलत नाहीत त्यांच्याबद्दल. मला आत काय झालंय माहीत नाही, पण मधली जागा कोणाला यावरून असेल असा अंदाज करते, बहुतेकदा तेच असतं. मधली जागा भागाप्रमाणे बदला, ततकाराला जिचे पाय स्वच्छ ती, चक्करांना जी सरकत नाही ती, सुरुवातीच्या ठाटाला जिचं उभं राहणं देखणं ती. हे उघडपणे कारण सांगून ठरवा. आणि समजूत घालायला म्हणून प्रत्येकीला थोडा थोडा सोलो द्यायचा मोह टाळा, प्लीज. सात जणींनी एकेक आवर्तन पुढे येऊन करायचं आणि मागे जायचं, हे गॅदरिंगमध्ये ठीक आहे. तराण्याची लय वाढत वाढत जात असते, त्यात दर आठ सेकंदांनी नवीन चेहरा आला की बघणारा मोजायला लागतो आता किती राहिल्या. त्या दोघींना एक काम मात्र करून बघा, एकमेकींशेजारी उभ्या करा आणि एका छोट्या भागाचा हिशोब दोघींना मिळून लिहायला सांगा. मात्रांवर बोलताना माणसं जरा निवळतात, तिथे बरोबर-चूक टाळी देऊन बघता येतं, कोणाचं ऐकायचं असा प्रश्न उरत नाही.

म्युझिकबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रेकॉर्डिंग करणार असाल तर स्ट्रक्चरवर निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय स्टुडिओ बुक करू नका. एकदा ट्रॅक झाला की कोणी कितीही शहाणी सूचना दिली तरी उत्तर एकच, "आता ट्रॅक झालाय." तोपर्यंत लेहऱ्याच्या अ‍ॅपवर काम भागतं. आणि साथीला प्रत्यक्ष तबलजी असतील तर त्यांना रंगीत तालमीच्या आधी एकदा तरी बोलवा, त्यांचा फीडबॅक सगळ्यात खरा असतो, ते नाच बघत नाहीत, पाय ऐकतात. लय कुठे पळते ते ते एका वाक्यात सांगतील.

शेवटचे आठ दिवस बदल बंद. सूचना चालतील, बदल नाही. म्हणजे "हात अजून पूर्ण कर" चालेल, "इथे उजवीकडून येऊ या का" चालणार नाही, ती कितीही चांगली असली तरी पुढच्या प्रयोगासाठी वहीत लिहून ठेवा. स्टेज मिळालं अर्ध्या तासासाठी, सहसा तेवढंच मिळतं, तर पूर्ण नाच दोनदा करण्यात ते घालवू नका. एंट्री, एक्झिट, फॉर्मेशन बदलायच्या जागा आणि शेवटची सम एवढंच करा, हॉलपेक्षा स्टेज रुंद असेल तर अंतर पुन्हा लावा, आणि विंगेत उभं राहून बघा की घुंगरू न वाजवता किती वेळ थांबता येतं.

ताईंना बोलवायचं का, कधी, हे विचारलंत. दोनदा बोलवा. एकदा स्ट्रक्चर उभं राहिल्यावर, हस्तक साफ करायच्या आधी, आणि एकदा बदल बंद करायच्या दोन-तीन दिवस आधी, प्रत्यक्ष जमलं नाही तर व्हिडिओ कॉलवर. त्याआधी बोलवलंत तर त्याच बसवून टाकतील, आणि ते छानच होईल, पण मग तो तुमचा तराणा नाही. त्यांना आधी सांगा की आम्ही कुठे अडलोय, कुठला भाग कोणी बसवलाय, म्हणजे त्या योग्य माणसाला बोलतील. त्या बोलत असताना एकीने लिहून घ्यायचं आणि त्या गेल्यावर लगेच मोठ्याने वाचून दाखवायचं. एक ओळ दोघींनी वेगळी ऐकलेली निघाली तर तिथूनच ताईंना फोन लावा, पुढच्या रिहर्सलपर्यंत थांबू नका.